जुन्या जीपचा सांगाडा

मोटारगाडी म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें प्रथम तिचा रंग उभा राहतो, मग तिचे दिवे, तिची बैठक, आणि ज्याला थोडी अधिक माहिती आहे त्याच्या डोळ्यांपुढें तिचें इंजिन. परंतु हें सारें ज्याच्यावर बसविलेलें असतें, इंजिनाचा भार, माणसांचा भार आणि रस्त्याचे धक्के जो मुकाट्यानें सोसतो, तो लोखंडी सांगाडा सहसा कोणाला आठवत नाहीं. घराचा पाया जमिनीखालीं गेल्यावर जसा विसरला जातो, तसाच हाहि. जुनी गाडी विकत घेणारा मनुष्य रंग पाहतो, इंजिन चालू करून ऐकतो, टायरांना लाथ मारून पाहतो. पण गुडघे टेकून गाडीखालीं डोकावणारा शेंकड्यांत एखादाच. आज आपण गुडघे टेकूनच बसणार आहों. जुन्या जीपगाडीचा सांगाडा घरच्या पडवींत किंवा शेडमध्यें दुरुस्त करावयाचा झाला, तर तें काम कोणत्या क्रमानें करावें, त्यांतलें घरीं काय करावें आणि काय करूं नये, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

उदाहरणासाठीं जीपच घेण्याचें कारण असें, कीं ह्या गाडीची रचना सरळ आणि उघडी आहे, आणि आपल्याकडे तिची ओळख नाहीं असें गांव सांपडणें कठीण. १९४० सालीं अमेरिकेच्या सैन्याला टेहळणीसाठीं हलकी, चारहि चाकांना इंजिनाचें बळ मिळेल अशी गाडी हवी होती. बँटम, विलिस आणि फोर्ड ह्या तीन कंपन्यांनीं आपापले नमुने पुढें केले. आणि १९४१ ते १९४५ ह्या काळांत विलिस व फोर्ड ह्या दोघींनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. लढाई संपली त्याच वर्षीं, म्हणजे १९४५ सालीं, आपल्या देशांत महिंद्रा अँड महंमद ही कंपनी निघाली. १९४७ सालीं तिनें विलिस जीपचे सुटे भाग आणवून मुंबईस त्यांची जोडणी सुरू केली, आणि १९४८ सालीं तिचें नांव महिंद्रा अँड महिंद्रा झालें. पुढें उंच बॉनेटची सीजे-थ्री-बी ही जीप येथेंच घडूं लागली. मामलेदारांचे दौरे, वनखात्याच्या फेऱ्या, साखरकारखान्यांचीं शेतकी खातीं, आणि शेवटीं बाजारच्या दिवशीं माणसांनीं ओसंडणारें वडाप, अशा सर्व आश्रमांतून ही गाडी गेलेली आहे. तिच्या इंजिनाचे भाग बदलतां येतात, पत्रेहि नवे घालतां येतात. सांगाडा मात्र बहुधा जुनाच राहतो, आणि साऱ्या आयुष्याचा हिशेब त्याच्यावर लिहिलेला असतो.

हा सांगाडा म्हणजे काय? कारागीर त्याला चेसी म्हणतात. जमिनीवर आडवी ठेवलेली शिडी डोळ्यांपुढें आणावी. दोन लांब दांड्या, आणि त्यांना एकमेकींशीं जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. बैलगाडीची साटी ज्यानें पाहिली आहे त्याला ही कल्पना नवी नाहीं. फरक इतकाच, कीं साटी आंसावर घट्ट बसते, आणि जीपचा सांगाडा पोलादी पाट्यांच्या आधारानें आंसावर तोललेला असतो. पुढच्या आंसापासून मागच्या आंसापर्यंतचें अंतर युद्धकालीन विलिस जीपमध्यें ८० इंच, म्हणजे दोन मीटरांहून थोडें अधिक आहे. सीजे-थ्री-बीमध्येंहि तें जवळजवळ तितकेंच आहे. युद्धकाळच्या विलिस आणि फोर्ड जीप वरून जुळ्या बहिणींसारख्या दिसतात; पण पुढची आडवी पट्टी पाहिली कीं ओळख पटते. विलिसमध्यें ती गोल नळीची असते, फोर्डमध्यें उलट्या ठेवलेल्या पन्हळीसारखी.

लांब दांड्या भरीव नसतात. जाड पोलादी पत्रा दाबून त्यांना पन्हळीचा आकार दिलेला असतो. एक उभी भिंत, आणि तिला वर व खालीं एकेक ओठ. कारखान्यांत ह्याला चॅनेल म्हणतात. दोन्ही आंसांच्या मध्यें भार पडला म्हणजे दांडी किंचित् खालीं वाकूं पाहते. त्या वेळीं तिचा वरचा ओठ दाबला जातो, खालचा ओठ ताणला जातो, आणि भिंतीच्या मध्यरेषेवर दाबहि नसतो व ताणहि नसतो. शाळेची लांकडी पट्टी दोन पुस्तकांवर ठेवून मध्यें दाबली, तर मोडतांना ती खालच्या बाजूनें फाटूं लागते. त्याचें कारण हेंच. एवढें एक तत्त्व ध्यानांत ठेवलें तर पुढची निम्मी कृति आपोआप समजते. ओठांना हात लावतांना दहा वेळां विचार करावा. भोंक पाडणें भागच असेल तर तें भिंतीच्या मध्याजवळ पाडावें. आणि ओठाला आडवा छेद जाईल असें कांहींएक करूं नये.

दुसरें तत्त्व पिळाचें. जाड कागदाची नळी करून तिची कड डिंकानें चिकटवावी आणि दोन्ही टोंकें विरुद्ध दिशांना पिळावीं. ती सहजासहजीं वळत नाहीं. आतां तीच नळी कात्रीनें लांबीच्या दिशेनें एकदां चिरावी आणि पुन्हां पिळावी. ती चिंधीसारखी वळते. कागद तितकाच, आकार तोच. फक्त कड सुटली. जीपच्या उघड्या पन्हळीहि अशाच पिळाला नरम असतात, आणि त्याचा उपयोग आहे. ओढ्यांतून जातांना एक चाक दगडावर आणि दुसरें खड्ड्यांत असलें, तरी सांगाडा थोडा वळतो आणि चाकांना जमीन सोडूं देत नाहीं. उलट पुढच्या भागांत, जेथें इंजिनाचा भार येतो, तेथें आंतून आणखी एक पट्टी बसवून पन्हळीची बंद पेटी केलेली असते, कारण तो भाग वळून चालणार नाहीं. म्हणून हौसेच्या भरांत सगळाच सांगाडा बंद करून तो मजबूत केला असें समजणारा मनुष्य गाडीचा स्वभाव बदलून टाकतो. वळण्याची जागा नाहींशी झाली म्हणजे धक्का जाऊन एखाद्या सांध्यावर आदळतो, आणि भेग तेथें पडते.

आतां ह्या सांगाड्याचे शत्रू पाहूं. पहिला गंज. लोखंड, पाणी आणि हवेंतील प्राणवायु ह्या तिघांची गांठ पडली कीं गंज चढतो, आणि त्यांत मिठाचा अंश मिसळला तर तो झपाट्यानें वाढतो. म्हणून मालवणच्या खाऱ्या वाऱ्यांत राहिलेली जीप आणि सोलापूरच्या कोरड्या हवेंत राहिलेली जीप, वय सारखें असलें तरी, खालून सारख्या निघत नाहींत. गंज धरण्याच्या जागा मात्र दोघींच्या त्याच. जेथें चिखल सांठतो तेथें गंज धरतो. म्हणजे पन्हळीच्या खालच्या ओठावर, बंद पेटीच्या आंत, मागच्या आडव्या पट्टीच्या कोपऱ्यांत, आणि दोन पत्रे रिव्हेटांनीं एकमेकांवर जोडले आहेत त्या फटींत. गंजाला मूळ लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा लागते. त्यामुळें फटींत धरलेला गंज फुगतो, आणि पिंपळाचें मूळ जसें भिंत उकलतें तसा तो दोन पत्रे एकमेकांपासून उकलतो.

दुसरा शत्रू थकवा. तार एकदां वाकविल्यानें तुटत नाहीं, पण तीच जागा पुन्हां पुन्हां वाकविली तर तुटते. पोलादी पत्र्याचेंहि तसेंच आहे. स्टिअरिंगची पेटी ज्या दांडीला बोल्टांनीं आवळलेली असते तेथें, आणि पाट्यांचे कान ज्या रिव्हेटांनीं जोडलेले असतात त्यांच्या भोंवतीं, वर्षानुवर्षांच्या हिसक्यांनीं केसासारख्या बारीक भेगा पडतात. तिसरा शत्रू अपघात किंवा अति भार. त्यानें सांगाडा चार तऱ्हांनीं बिघडतो. दांडीचें मध्यें पोट सुटतें, त्याला झोळ म्हणूं. पुढचा किंवा मागचा भाग एका अंगाला वळतो, त्याला बगलेचा बांक म्हणूं. एक दांडी दुसरीच्या पुढें सरकून काटकोनी चौकोनाचा तिरका चौकोन होतो, तो तिरकेपणा. आणि एक कोपरा वर उचलला जाऊन तीन पायांवर उभ्या राहणाऱ्या बाजेसारखी अवस्था होते, तो पीळ.

काम आरंभण्यापूर्वीं, हातोड्याच्या आधीं, गाडीचे कागद हातांत घ्यावेत. नोंदणीच्या प्रमाणपत्रावर चेसीचा क्रमांक असतो. तो गाडीवरील क्रमांकाशीं ताडून पाहावा, वर कागद ठेवून शिसपेन्सिल घांसून त्याचा ठसा घ्यावा, आणि पुढच्या साऱ्या कामांत त्या जागेला ग्राइंडर लागूं देऊं नये. मोटारवाहन अधिनियम १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणें, निर्मात्यानें मुळांत दिलेला आणि प्रमाणपत्रांत नोंदलेला तपशील खोटा ठरेल असे फेरफार मालकाला करतां येत नाहींत. २०२१ सालीं केंद्र सरकारनें व्हिंटेज म्हणविल्या जाणाऱ्या जुन्या गाड्यांसाठीं वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षें उलटलेल्या, खासगी वापराच्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना त्यांखालीं ‘व्हीए’ हीं अक्षरें असलेला क्रमांक घेतां येतो. मात्र गाडी मूळ स्वरूपांत राखलेली असावी, आणि सांगाडा, वरचा पत्रा किंवा इंजिन ह्यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. शिवाय असा क्रमांक घेतलेली गाडी प्रदर्शन, जुन्या गाड्यांची रॅली, देखभाल अशा कारणांखेरीज रोजच्या वापरास रस्त्यावर नेतां येत नाहीं. कोणत्या वाटेनें जावयाचें तें मालकानें आधींच ठरवावें. परंतु दोन्ही वाटांवर एक गोष्ट समान आहे. जुना सांगाडा टाकून बाजारांतला नवा आणणें सोपें वाटलें, तरी त्यांत मूळ गाडी हातची जाते. जो सांगाडा आहे तोच वांचविणें, आणि वांचविण्यासारखा आहे कीं नाहीं हें प्रामाणिकपणें ठरविणें, हेंच खरें काम.

मग गाडी उकलावी. प्रथम बॅटरी आणि पेट्रोलची टांकी काढून दूर ठेवावी. रिकामी टांकी निर्धोक, ही समजूत घातक आहे. तिच्यांत उरलेली वाफ हवेशीं मिसळून एका ठिणगीनें भडका घेते. निघालेला प्रत्येक बोल्ट कोठला, तें चिठ्ठी बांधून लिहून ठेवावें, आणि भाग काढण्यापूर्वीं त्याचें छायाचित्र किंवा निदान हातानें काढलेली आकृति जपावी. वरचा हौदा, इंजिन, गिअरपेटी, आंस हें सर्व उतरल्यावर उघडा सांगाडा चार भक्कम लोखंडी घोड्यांवर, सपाट फरशीवर ठेवावा. जॅक हा उचलण्यासाठीं आहे, धरून ठेवण्यासाठीं नाहीं. विटांच्या उतरंडीवरहि सांगाडा ठेवूं नये. वीट सूचना न देतां फुटते.

सांगाडा धुऊन, चिखल व तेलकट मळी खरवडून झाल्यावर तपासणीला तीन साधीं साधनें पुरतात. एक लहान हातोडा, एक टोंकदार आरी आणि खडूची भुकटी. हातोड्यानें वीत-वीत अंतरावर ठोकीत जावें. निरोगी पोलाद खणखणीत बोलतें, खाल्लेलें पोलाद मडक्यासारखा बद्द आवाज देतें. जेथें आवाज बदलला तेथें आरी टोंचून पाहावी. भेगा शोधण्यासाठीं संशयित जागा घांसून स्वच्छ करावी, तिला रॉकेल किंवा तसेंच पातळ तेल लावून थोडा वेळ मुरूं द्यावें, मग कोरड्या फडक्यानें पुसून काढावें आणि वर खडूची भुकटी पसरावी. भेगेंत शिरलेलें तेल हळूहळू बाहेर येतें आणि पांढऱ्या भुकटींत काळसर रेघ उमटते. फळ्यावर खडूनें रेघा ओढण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्या आम्हां शिक्षकांना ही रीति विशेष आवडावी, कारण येथें खडू स्वतःच रेघ दाखवितो.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें वडिलांच्या पश्चात् त्यांची जीप घराच्या पडवींत उकलली, तेव्हां ह्या तपासणीचें महत्त्व मीं डोळ्यांनीं पाहिलें. कुटुंबासह घाट चढून कुलदैवताला ह्याच गाडींतून जावें, एवढी त्याची इच्छा होती. गाडी वरून सुरेख होती. खालूनहि तिला जाड काळा रंग दिलेला होता, आणि तो पाहून त्याला समाधान वाटत होतें. मागच्या कोपऱ्यांत हातोड्याचा आवाज बदलला, म्हणून त्यानें आरी टोंचली, तों ती मुठीपर्यंत आंत गेली. रंग खरवडला तेव्हां खालीं लांबीचा थर, त्याखालीं पातळ पत्र्याचा तुकडा, आणि त्याखालीं नुसता गंजाचा भुगा निघाला. तेथून वीतभर अंतरावर मागच्या पाट्याचा कान होता. म्हणजे ज्या जागेवर गाडीच्या मागच्या भागाचा आणि त्यांत बसलेल्या माणसांचा भार यावयाचा, ती जागा लांबीनें बुजविलेली होती. लांबी ही खिडकीच्या चौकटींतल्या भेगेला ठीक आहे. सांगाड्यावर ती लावणें म्हणजे पुढच्या माणसाला फसविणें होय. त्यानें तो सारा कोपरा उघडा केला, आणि त्याच दिवशीं नव्हे तर पुरीं मापें घेऊन झाल्यावर, पुढच्या आठवड्यांत त्याला हात घातला. हा धीर महत्त्वाचा आहे.

कारण कापण्यापूर्वीं मोजणें हाच ह्या कामाचा प्राण आहे. वांकड्या सांगाड्यावर नवा तुकडा जोडला तर वांकडेपणा कायमचा होतो. मोजण्यासाठीं गवंड्याचा ओळंबा, पाणसळ, सुतळी, खडू आणि पोलादी फीत एवढें पुरे. दोन्ही दांड्यांवर समोरासमोर असलेलीं कारखान्याचीं भोंकें, विशेषतः पाट्यांच्या बोल्टांचीं, ह्या आपल्या खुणा. प्रत्येक भोंकांतून ओळंबा सोडून त्याखालीं फरशीवर खडूनें फुली मारावी. असा सांगाड्याचा नकाशा जमिनीवर उतरला म्हणजे भूमिति सुरू होते. समांतरभुज चौकोनाचे दोन्ही कर्ण सारखे असतील तरच तो काटकोनी असतो. समजा, दांड्यांवरील खुणांमधलें आडवें अंतर ३० इंच आणि लांबीचें अंतर ८० इंच आहे. मग प्रत्येक कर्ण ८५.४४ इंच भरला पाहिजे. आतां आडवें अंतर तेंच राहून एक दांडी अवघा १ इंच पुढें सरकली, तर एक कर्ण ८६.३८ इंच होतो आणि दुसरा ८४.५० इंच. दोहोंतील फरक १.८८ इंच, म्हणजे मूळ दोषाच्या जवळजवळ दुप्पट. डोळ्याला न दिसणारा दोष कर्ण असा मोठा करून दाखवितो.

बगलेच्या बांकासाठीं समोरासमोरच्या फुल्यांच्या बरोबर मध्यावर खुणा कराव्यात आणि त्यांवरून सुतळी ताणावी. सगळ्या मध्यखुणा एका रेषेंत आल्या पाहिजेत. झोळ पाहण्यासाठीं दांडीच्या सरळ भागाच्या दोन्ही टोंकांना सारख्या जाडीचे ठोकळे ठेवून त्यांवरून दोरा ताणावा, आणि मध्यें दोऱ्यापासून दांडीपर्यंतचें अंतर ठोकळ्याएवढेंच आहे ना, तें पाहावें. पिळासाठीं सुताराची युक्ति घ्यावी. दोन सरळ पट्ट्या, एक पुढें व एक मागें, दोन्ही दांड्यांवर आडव्या ठेवाव्यात आणि एकीच्या कडेवरून दुसरीची कड एका डोळ्यानें न्याहाळावी. कडा समांतर दिसल्या तर पीळ नाहीं. हीं सर्व मापें तारीख घालून वहींत लिहावीं. काम होईपर्यंत हीच वही आपली पंच.

मापांनीं सांगाडा सरळ ठरला, दोष गंजाचा आणि भेगांचाच असला, तर पुढचें काम घरीं करण्याजोगें आहे. मात्र पीळ किंवा मोठा वांकडेपणा निघाला, तर साखळ्या बांधून, जॅक लावून तो घरीं ओढण्याचा मोह टाळावा. तेथें सांगाडा पक्क्या बैठकीवर जखडून सरळ करणारा कारखानाच हवा. गंज काढण्यासाठीं तारेचा ब्रश, छिन्नी, कानस आणि ग्राइंडर हीं साधनें चालतात. डोळ्यांना चष्मा आणि नाकातोंडावर योग्य मुखवटा असल्यावांचून ग्राइंडर हातीं घेऊं नये. वाळूच्या माऱ्यानें काम सुबक होतें, पण सुक्या वाळूची बारीक धूळ फुप्फुसांत जाऊन सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग जडतो. मुलेंबाळें वावरतात त्या पडवींत ही कृति कधींहि करूं नये.

जोडकामाचे नियम थोडे, पण कडक आहेत. भेगेवर नुसता वेल्डिंगचा थर चढवून ती बुजत नाहीं. प्रथम भेगेचें खरें टोंक शोधून तेथें लहान गोल भोंक पाडावें. फाटत्या कापडाचा सारा ताण जसा फाटीच्या टोंकाशीं एकवटतो, तसाच भेगेच्या अणकुचीदार टोंकाशीं तो एकवटतो. गोल भोंकाच्या कडेवर तो वांटला जातो. मग भेग घांसून तिची खोबण करावी आणि ती तळापासून भरावी. खाल्लेला भाग निरोगी पोलाद लागेपर्यंत कापून काढावा. गंजलेल्या कडेला नवा पत्रा धरत नाहीं. नवा तुकडा मूळ पत्र्याच्याच जाडीचा असावा. वरून आधाराची पट्टी द्यावयाची तर तिचीं टोंकें सरळ उभीं न कापतां तिरकीं कापावीं, म्हणजे वेल्डिंगची रेघ दांडीला एकाच जागीं आडवी जात नाहीं. जस्त चढविलेला पत्रा वेल्डिंगला घेऊं नये. त्याच्या धुरानें थंडीताप भरतो.

वेल्डिंग निवतांना धातु आकसते आणि सांगाड्याला आपल्याकडे ओढते. म्हणून एका दमांत लांब रेघ न मारतां बोट-दोन बोटें लांबीचे टांके, एकदां ह्या बाजूला व एकदां त्या बाजूला, मध्यें निवूं देऊन घालावेत; आणि प्रत्येक टप्प्यानंतर कर्ण पुन्हां मोजावेत. सैल रिव्हेट निघाले तर त्यांचें डोकें घांसून, मध्यें भोंक पाडून ते ठोकून काढावेत. तापलेला रिव्हेट निवतांना आखूड होऊन दोन्ही पत्रे आवळून धरतो. घरीं तशी सोय नसेल तर भोंक साफ करून त्यांत नेमका बसणारा, उंची प्रतीच्या पोलादाचा बोल्ट आणि न सुटणारा नट घालावा. भोंकांत खुळखुळणारा साधा बोल्ट रिव्हेटाची जागा भरून काढीत नाहीं. ज्याचा हात वेल्डिंगला बसलेला नाहीं त्यानें कापणें, घांसणें, मापणें आणि तुकडा नेमका बसविणें हें स्वतः करावें, आणि टांके घालावयास जाणता कारागीर घरीं बोलवावा. त्यांत कमीपणा नाहीं. गवंडी बोलावल्यानें घर दुसऱ्याचें होत नाहीं.

शेवटीं रंग. घांसून उघडें केलेलें पोलाद पावसाळी हवेंत एका रात्रींत तांबूस होतें. म्हणून ज्या दिवशीं घांसावें त्याच दिवशीं त्यावर प्रायमर चढवावा. शक्य तर हें काम हिवाळ्यांत किंवा उन्हाळ्यांत काढावें. प्रायमर वाळला कीं त्यावर रंगाचे पातळ दोन-तीन हात द्यावेत. एकच जाड हात देऊं नये, कारण जाड थर कालांतरानें सुटतो आणि त्याखालीं पाणी कोंडतें. बंद पेटीच्या आंत ब्रश पोंचत नाहीं. तेथें गंजरोधक मेण किंवा तेल फवारावें, आणि पाणी निघून जाण्यासाठीं कारखान्यानें ठेवलेलीं खालचीं भोंकें कधींहि बुजवूं नयेत. पावसाळ्यानंतर तीं तारेनें मोकळीं करावीं. चेसीच्या क्रमांकावर जाड रंग चढूं देऊं नये. तपासणीच्या वेळीं तो स्पष्ट वाचतां आला पाहिजे.

श्रोतेहो, ह्या साऱ्या कामांत अवघड यंत्रविद्या थोडी आहे. शाळेंत शिकलेली भूमिति, गवंडी-सुतारांचीं जुनीं साधनें आणि घाई न करण्याची संवय, एवढ्यावर त्यांतला मोठा भाग उभा आहे. मात्र जी जागा कोणाला दिसणार नाहीं तेथें लांबी भरून मोकळें व्हावयाचें, कीं ती उघडी करून खरी दुरुस्ती करावयाची, हा निर्णय प्रत्येकाला एकट्यानें, गाडीखालीं आडवें होऊन करावा लागतो. आणि त्याचा परिणाम पुढें त्या गाडींत बसणाऱ्या सर्वांना भोगावा लागतो. म्हणून गाडी जोडून झाली तरी काम संपलें असें समजूं नये. चारपांचशें किलोमीटर चालल्यावर तिला पुन्हां घोड्यांवर घ्यावी, नवे बोल्ट आवळून पाहावेत, जोडलेल्या जागांवर तेल व खडूची परीक्षा पुन्हां करावी, आणि जें दिसेल तें मापांच्या त्याच वहींत लिहावें. पुढेंमागें गाडी विकण्याचा प्रसंग आलाच, तर ती वहीहि गाडीबरोबर द्यावी. कोठें जोड आहे आणि तो कसा घातला आहे, हें जाणून घेण्याचा हक्क पुढच्या मालकाला आहे.